किरकोळ

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आत्ता ओळख करून देताना सरांनी मला ‘काटकसरीच्या तज्ज्ञ’ म्हटलं. असा काही हुद्दा नसतो. मी डोंबिवलीत राहते, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. २०२४ च्या गुढीपाडव्यापासून २०२५ च्या गुढीपाडव्यापर्यंत आमच्या चार माणसांच्या घरात गरजेबाहेर खर्च करायचा नाही, असं आम्ही ठरवलं होतं. ठरवणं आणि होणं यांत जे अंतर पडतं त्याबद्दलच आज बोलणार आहे, कारण बाकीचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या जणांनी रेशनच्या रांगेत उभं राहून संसार केलेत.

आणि ‘वर्ष’सुद्धा जरा जपूनच म्हणते. पाडवा ते पाडवा म्हणजे ९ एप्रिल ते ३० मार्च, मोजून ३५५ दिवस. हे माझ्या मुलाने शेवटच्या आठवड्यात शोधून काढलं. म्हणाला, “आई, तू वर्षातूनही दहा दिवस वाचवलेस.”

सुरुवात काही उदात्त कारणाने झाली नाही. मार्चअखेर होती. दिवसभर मी दुसऱ्यांच्या पैशांचा हिशोब लावते आणि घरच्या पैशांचा पत्ता नाही, असं चाललं होतं. एका रात्री माझ्या बँकेचं महिन्याचं स्टेटमेंट काढलं. अकरा पानं! त्यात मोठी रक्कम एकही नाही. २०, १५, ६०, २४९, पुन्हा १५. काही नावं मला ओळखूही येईनात. पूर्वी पर्समधली शेवटची पन्नासची नोट मोडताना हात थबकायचा. आता फोन नुसता ‘टिंग’ करतो, आणि तोही दुकानदाराचा. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरात यूपीआयचे एका महिन्यातले व्यवहार दोन हजार कोटींच्या वर गेले. त्यात माझ्यासारख्यांच्या पंधरा-पंधरा रुपयांचा वाटा किती असेल, विचार करा.

मग जेवणाच्या टेबलावर बैठक झाली. नियम साधा होता. जे संपेल, फाटेल किंवा बंद पडेल तेवढंच घ्यायचं. हप्ता, फी, औषधं, किराणा, वीज, पास यांना हात लावायचा नाही. बाकी काय काय बंद करायचं ते प्रत्येकाने सांगायचं. इथेच पहिली गंमत झाली. नवरा म्हणाला, “तुझं पार्लर.” मी म्हटलं, “तुझी गाडी. चार पावलांवरच्या मंडईतही गाडीने जातोस.” मुलगा म्हणाला, “आजीला दोन-दोन पेपर कशाला लागतात?” मी मुलाच्या फोनवरची सगळी वर्गणी वाचून दाखवली. अर्ध्या तासात यादी झाली. नीट पाहिली तर त्यात कोणीही स्वतःचं असं काही घातलेलं नव्हतं. जो तो दुसऱ्याच्या ताटातलं उचलत होता. सासूबाई मात्र काही बोलल्या नाहीत. त्या भाजी निवडत होत्या.

त्या रात्री माझ्या हे लक्षात आलं नाही, बरं का. तेव्हा मी यादी भिंतीवर चिकटवून खूश होते.

आता आकडे सांगते, नाहीतर अकाउंट्सवालीला बोलावून उपयोग काय! गृहकर्जाचा हप्ता सोडून वर्षभरात आमचे सुमारे एक लाख एकतीस हजार रुपये वाचले. त्यातले शेहेचाळीस हजार बाहेरच्या आणि ॲपवरून मागवलेल्या खाण्याचे, अडतीस गाडीचे, एकतीस ‘ऑफर आहे’ म्हणून घेतलेल्या कपड्या-वस्तूंचे. तीन खात्यांतच एक लाख पंधरा हजार झाले. उरलेल्या पन्नास गोष्टी मिळून सोळा हजार. म्हणजे थेंबे थेंबे तळं साचतं हे खरं, पण आमचं तळं तीन भोकांतून गळत होतं आणि आम्ही भांडत होतो थेंबांवरून. खाण्याचा आकडा पाहून मला वाटलं, आमचंच घर चटोर. तसं नाही. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत शहरातल्या माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला, आणि त्यातले साधारण ११ टक्के एकट्या पेयांवर, बाहेरच्या खाण्यावर आणि पाकीटबंद पदार्थांवर जातात. तांदूळ-गव्हावर याच्या निम्मेही जात नाहीत.

गरजेच्या यादीतल्या गोष्टीही गप्प बसत नाहीत, हे लक्षात ठेवा. जुलैत सगळ्यांचे मोबाइल रिचार्ज महागले. दिवाळीच्या सुमाराला लसूण चारशे रुपये किलोच्या पुढे गेला. सासूबाईंनी चिवड्यात लसूण घातला नाही. त्या चिवड्याबद्दल मी काही बोलणार नाही.

आणि गरज तरी कशाला म्हणायची? माझा लोकलचा फर्स्टचा पास नवऱ्याने ‘चैन’ या रकान्यात टाकला होता. सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या बाईला विचारा. तुम्ही हसलात, म्हणजे तुम्हाला कळलं. पास राहिला.

दोन चुका मात्र सांगायलाच हव्यात.

पहिली चहाची. ऑफिसखालच्या टपरीवर आम्ही चौघी चारला चहा प्यायचो. पंधरा रुपये गुणिले दोनशे चाळीस दिवस, छत्तीसशे रुपये. मी डब्यासोबत थर्मास न्यायला लागले आणि जागेवर बसून चहा प्यायला लागले. ऑगस्टमध्ये आमच्यातली एक जण सलग आठ दिवस आली नाही, तेव्हा चौकशी केली. तिच्या नवऱ्याचं डायलिसिस जूनपासून सुरू होतं. बाकी दोघींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने ते टपरीवर सांगितलं होतं. ऑफिसात, बॉसच्या केबिनसमोर, कोण असं सांगेल? मी दोन महिने तिच्यापासून तीन टेबलं सोडून बसून छत्तीसशे रुपये वाचवत होते. थर्मास दुसऱ्याच दिवसापासून घरी राहिला.

दुसरी इस्त्रीवाल्याची. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी त्याचं टेबल असतं, कोळशाची जड इस्त्री असते. दर शनिवारी कपडे न्यायला वर यायचा. एप्रिलपासून आम्ही घरी इस्त्री करायला लागलो. मे महिन्यात एकदा तो जिन्यात भेटला आणि विचारलं, “वहिनी, आमचं काही चुकलं का?” कॉलर बरोबर होत नाही का, शर्ट पिवळा पडला का, असं एकेक विचारत राहिला. मी त्याला काय सांगणार? “नाही रे, आम्ही प्रयोग करतोय”?

मला तेव्हा अर्थशास्त्राच्या वर्गात ऐकलेली एक गोष्ट आठवली. जानेवारी १९३१, इंग्लंडमध्ये मंदी, लाखो लोक बेकार. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स बीबीसीच्या रेडिओवर बोलले आणि थेट गृहिणींना म्हणाले की बायांनो, घराबाहेर पडा, सेल लागलेत, चादरी-पलंगपोस घ्या. तुम्ही पाच शिलिंग वाचवता तेव्हा एका माणसाचा एका दिवसाचा रोजगार बुडवता. एकट्याने काटकसर केली तर त्याची शिल्लक वाढते, सगळ्यांनी एकदम केली तर गिऱ्हाईकच उरत नाही आणि सगळेच खाली येतात, असा तो विचार. आता यावरून कोणी ॲपवरून बिर्याणी मागवत बसू नका. केन्स मंदीबद्दल बोलत होते, आणि आमची तीन भोकं मी बुजवलीच पाहिजे होती. पण ‘अनावश्यक’ हा शब्द मी माझ्या टेबलावर बसून लिहिला होता. गेटपाशी उभ्या माणसाच्या वहीत आमच्या इस्त्रीच्या त्याच तीनशे रुपयांपुढे ‘घरभाडं’ असं लिहिलेलं असणार. जूनपासून कपडे पुन्हा खाली जायला लागले. नवरा म्हणाला, “ही फसवणूक आहे.” मी म्हटलं, “असू दे. गाडीची किल्ली दे इकडे.”

आता सासूबाईंबद्दल.

पावसाळ्यात माळा आवरताना मला त्यांची जुनी चोपडी सापडली. लाल कापडी पुठ्ठा, कडा कसरीने खाल्लेल्या. वर्षं १९७६ ते ८१, मुक्काम परळची चाळ. मला खजिनाच सापडला! त्या काळातली बाई पगारावर घर कसं चालवायची याचा पुरावा. मी दोन रात्री ती वही वाचली. आरे दूध. रॉकेल. प्रायमसच्या पिना. शाळेची फी. गावी मनीऑर्डर. पैशापैशाचा हिशोब, शाईचा डाग नाही की खाडाखोड नाही. रॉकेल एका महिन्यात जास्त लागलं तर समोर बारीक अक्षरात ‘पाहुणे’ असं कारण. आणि प्रत्येक महिन्याच्या तळाशी शेवटची नोंद: किरकोळ, पाच रुपये.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात. ज्या खात्यात दर महिन्याला तोच आकडा बरोब्बर येतो, भाडं किंवा हप्ता नसताना, ते खातं उघडून बघावं. किरकोळ खर्च कधी पावणेपाच असतो, कधी सव्वासहा. सलग पाच वर्षं पाच रुपये शून्य पैसे? दूध चढलं, साखर चढली, किरकोळ जागच्या जागी. मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसले. म्हटलं, “आई, हे खोटं आहे.”

त्या म्हणाल्या, “खोटं कशाला? खर्चच होता तो.”

“कशाचा?”

बराच वेळ त्या नुसत्या तूरडाळ पाखडत राहिल्या. मग म्हणाल्या, “नाटकाचा.”

झालं होतं असं की पाच रुपये दर महिन्याला डालड्याच्या रिकाम्या डब्यात पडायचे. मुलं शाळेत, सासरे ऑफिसात. एखाद्या दुपारी त्या भजनी मंडळाला जाते असं सांगून परळहून दादरला चालत निघायच्या, बसचे पैसे वाचवायला, आणि शिवाजी मंदिरात मागच्या रांगेचं तिकीट काढून एकट्याच नाटक बघायच्या. कोणाला माहीत नव्हतं. सासऱ्यांना शेवटपर्यंत नाही. सासरे वाईट नव्हते, मुळीच नाही. विचारलं असतं तर कदाचित घेऊनही गेले असते. “पण मग ते ठरवून जाणं झालं असतं,” त्या म्हणाल्या. “यांना परवडेल तेव्हा, यांना आवडेल ते.” ज्या बाईने प्रायमसच्या पिनेचे पैसे लिहिले, त्या बाईने हे एक खातं बंद ठेवलं होतं. माझ्या भिंतीवरच्या यादीत हा खर्च बसवून बघा. पहिल्या ओळीत उडाला असता, आणि उडवणारी मी असते.

मग मी विचारलं, “आई, दुसरा पेपर कशाला लागायचा?”

तुमच्या लक्षात आलंच असेल. नाटकाच्या जाहिराती. आतलं ते पान, छोट्या छोट्या चौकटी, कुठे कोणता प्रयोग, दुपारी का रात्री. गुडघ्यांमुळे आठ वर्षं त्या थिएटरात गेलेल्या नाहीत. पण रोज सकाळी चहाबरोबर त्या पानावरून बोट फिरवत जायच्या. एप्रिलपासून आम्ही ते बंद केलं होतं, महिन्याला दोनशेच्या आत काहीतरी रकमेसाठी, आणि त्यांनी एका शब्दाने हरकत घेतली नव्हती.

पेपर दुसऱ्या दिवशी सुरू झाला. दिवाळीनंतर आम्ही त्यांना एका दुपारच्या प्रयोगालाही नेलं, कडेची खुर्ची बघून. नाटक त्यांना आवडलं नाही. “माइक लावून बोलतात,” म्हणाल्या.

यादी मी भिंतीवरून काढली नाही, तीन मोठी खाती तशीच बंद राहिली. पण खाली एक ओळ वाढवली: किरकोळ, प्रत्येकी पाचशे. कशावर गेले हे विचारायचं नाही, फक्त महिन्याअखेर किती गेले ते सांगायचं. मुलाने लगेच विचारलं, “उरले तर पुढच्या महिन्यात धरायचे का?” पोरगं माझ्या वळणावर गेलंय.

पाडव्याच्या आदल्या रात्री मी शेवटच्या महिन्याचा हिशोब मांडला. नवऱ्याची किरकोळ ४६५ रुपये, मुलाची ५३०, म्हणजे तीस वर. माझी ४८८. सासूबाईंना विचारलं. त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “पाचशे.”

“बरोब्बर?”

“बरोब्बर.”

मी लिहून घेतलं आणि वही मिटली.