बाजारपेठ राखण्यासाठी बंद केलेली तोंडे

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

हाँगकाँगचे आंदोलन कशावरून पेटले, आरोपींना चीनच्या मुख्य भूमीकडे सोपवण्याची मुभा देणाऱ्या प्रत्यार्पणाच्या विधेयकाला तिथल्या लोकांचा विरोध का होता आणि २०१९ च्या उन्हाळ्यात तिथले रस्ते कसे माणसांनी भरून गेले होते, हे आपण सर्वांनी वाचलेले आहे, त्यामुळे त्याची उजळणी मी करत नाही. मला बोलायचे आहे ते त्या आंदोलनाशी प्रत्यक्ष संबंध नसलेल्या, हजारो मैल दूरच्या कंपन्यांविषयी. चीनसारखी अवाढव्य बाजारपेठ हातची जाईल या धास्तीने या कंपन्या आपल्याच माणसांची मुस्कटदाबी करतात, इथपर्यंतची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. ही मुस्कटदाबी पुष्कळदा कोणत्याही सरकारच्या लेखी हुकुमावाचून, नोकरीच्या किंवा स्पर्धेच्या करारातल्या एखाद्या मोघम कलमाच्या आधारे केली जाते, आणि म्हणून तिच्यावरचा उपायही त्या कलमातच शोधावा लागेल. तो उपाय मी शेवटी मांडणार आहे. आधी ज्या प्रकरणाने मला या विषयाकडे खेचले ते सविस्तर सांगतो, कारण कलम कसे चालते हे त्याच्याइतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

वसाहतकाळातल्या, १९२२ च्या आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन हाँगकाँग सरकारने ५ ऑक्टोबर २०१९ पासून सभा-मोर्चांत चेहरा झाकण्यावर बंदी घातली. दुसऱ्याच दिवशी 'हार्थस्टोन' या संगणकावर खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या खेळाच्या आशिया-पॅसिफिक स्पर्धेत हाँगकाँगच्या एका तरुणाने सामना जिंकला. 'ब्लिट्झचंग' या नावाने तो खेळत असे. सामन्यानंतर त्याची मुलाखत सुरू झाली, तेव्हा पडद्यावर तो संरक्षक चष्मा आणि वायुरोधक मुखवटा लावून बसलेला होता, म्हणजे आदल्या दिवशी ज्यावर बंदी आली होती नेमका तोच वेष त्याने केलेला होता. त्याने हाँगकाँगच्या मुक्ततेची, आंदोलनात सर्वत्र दिली जाणारी घोषणा दिली. मुलाखत घेणारे दोघे तैवानी समालोचक तेवढ्या वेळात टेबलाखाली वाकून आपले चेहरे लपवत होते. ते चित्रीकरण मी अनेकदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी माझी नजर त्या तरुणापेक्षा या दोघांकडे अधिक जाते. खोलीत पोलीस नव्हते आणि कोणी दमही दिलेला नव्हता, तरीही पुढे काय होणार हे त्यांना क्षणार्धात कळले होते.

झालेही तसेच. हा खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्ड या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने ८ तारखेला निर्णय जाहीर केला. खेळाडूवर बारा महिन्यांची बंदी आली, त्याची बक्षिसाची रक्कम शून्यावर आणली गेली आणि दोन्ही समालोचकांशी असलेले संबंध तोडण्यात आले. यासाठी स्पर्धेच्या नियमावलीतले जे कलम वापरले गेले त्याचा आशय असा होता की, खेळाडूची सार्वजनिक बदनामी होईल, जनतेतल्या एखाद्या गटाच्या भावना दुखावतील किंवा कंपनीच्या प्रतिमेला धक्का बसेल असे कोणतेही कृत्य, सर्वस्वी कंपनीच्या मते, दंडनीय राहील. 'सर्वस्वी कंपनीच्या मते' या अटीत अपिलाची जागाच उरत नाही. आणि एखादा गट दुखावणार नाही असे राजकीय मत जगात नसल्यामुळे या कलमाखाली कोणालाही, केव्हाही पकडता येते. कोणाला पकडायचे हे अर्थातच कोणता गट किती मोठा ग्राहक आहे यावर ठरते.

कंपनीच्या आत काय घडले तेही ऐकण्यासारखे आहे. अर्व्हाइन शहरातल्या तिच्या आवारात लांडग्यावर स्वार झालेल्या योद्ध्याचा कांस्य पुतळा असून त्याच्याभोवती कंपनीची तत्त्वे कोरलेल्या पाट्या बसवलेल्या आहेत. 'जगाचा विचार करा' आणि 'प्रत्येक आवाजाला मोल आहे' अशा अर्थाच्या दोन पाट्यांवर कर्मचाऱ्यांनी कागद चिकटवून त्या झाकून टाकल्या. पोटासाठी त्याच कंपनीत राबणाऱ्या माणसांनी उघडपणे केलेला हा निषेध मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन पक्षांचे सिनेटर, रॉन वायडन आणि मार्को रुबियो, या प्रश्नावर एका सुरात बोलले.

मग सारवासारव सुरू झाली. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जे. ॲलन ब्रॅक यांनी आठवडा संपता संपता निवेदन काढून बंदी सहा महिन्यांवर आणली, बक्षिसाची रक्कम परत दिली आणि समालोचकांनाही सहा महिन्यांच्या निलंबनावर सोडले. चीनमधल्या आमच्या संबंधांचा या निर्णयावर काहीही प्रभाव नव्हता, असे त्यांनी लिहिले. चीनमधला कंपनीचा व्यवहार नेटईझ ही भागीदार कंपनी पाहत असे, आणि वेबो या चिनी समाजमाध्यमावरच्या खेळाच्या अधिकृत खात्यावर याच प्रकरणात तीव्र संताप व्यक्त करून देशाच्या प्रतिष्ठेचे रक्षण करण्याची ग्वाही दिलेली होती. इंग्रजी वाचकाला एक कारण आणि चिनी वाचकाला दुसरे, हा दुटप्पीपणा मला शिक्षेपेक्षाही गंभीर वाटतो. १ नोव्हेंबरला ॲनाहाइमच्या वार्षिक मेळाव्यात ब्रॅक यांनी व्यासपीठावरून माफी मागितली, निर्णय फार घाईने घेतला आणि खुलासा फार उशिरा केला असे मान्य केले, पण शिक्षा मागे घेतली नाही.

या प्रकरणाला वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीतल्या तीन विद्यार्थ्यांनी जी जोड दिली ती तर विशेष आहे. ८ ऑक्टोबरलाच महाविद्यालयीन सामन्याच्या प्रक्षेपणात त्यांनी 'हाँगकाँग मुक्त करा, ब्लिझार्डवर बहिष्कार घाला' असा फलक धरला. प्रक्षेपण तत्काळ दुसरीकडे वळवले गेले, शिक्षा मात्र झाली नाही. हाँगकाँगच्या खेळाडूला दंड आणि आम्हाला सूट का, असा प्रश्न या मुलांनी स्वतःच उपस्थित केला. आठवडाभराने त्यांच्यावरही सहा महिन्यांची बंदी आली, तेव्हा सर्वांना समान वागणूक मिळाली म्हणून त्यांनी तिचे स्वागत केले. स्वतःच्या शिक्षेसाठी आग्रह धरणारी ही मुले कलमाचा खोटेपणा जितका उघडा पाडून गेली तितका कोणत्याही अग्रलेखाने पाडला नाही.

आणि ज्या बाजारपेठेसाठी एवढे केले तिचे काय झाले? नेटईझशी अटी जमल्या नाहीत म्हणून २३ जानेवारी २०२३ रोजी ब्लिझार्डचे बहुतेक खेळ चीनमध्ये बंद पडले. ते पुन्हा सुरू व्हायला २०२४ उजाडले.

त्याच आठवड्यातले बास्केटबॉलचे प्रकरण अधिक गाजले. ह्यूस्टन रॉकेट्स या अमेरिकी संघाचे तेव्हाचे महाव्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी ४ ऑक्टोबरला हाँगकाँगच्या पाठिंब्याचे ट्वीट केले, थोड्याच वेळात ते काढूनही टाकले, तरी चिनी सरकारी दूरचित्रवाणीने एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे प्रक्षेपण थांबवले. मोरी यांना काढून टाकावे असा आग्रह चीनकडून झाला, असे लीगचे आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी नंतर सांगितले. चीनने ते नाकारले. मोरी यांची नोकरी टिकली. याच्याशेजारी २०१८ मधली मॅरियट हॉटेलांची हकिकत ठेवून पाहा. ग्राहकांच्या प्रश्नावलीत तिबेट, तैवान, हाँगकाँग आणि मकाव यांची नावे देशांच्या यादीत आली आणि एका तिबेटवादी संघटनेने त्याचे कौतुक करणारे ट्वीट केले. कंपनीच्या खात्यावरून त्या ट्वीटला पसंतीची खूण दिली गेली म्हणून नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात, ताशी १४ डॉलरवर ग्राहकांना उत्तरे देणाऱ्या एका कर्मचाऱ्याला घरी पाठवण्यात आले. चीनशी कसे वागावे याचे शिक्षण आम्हाला कधी दिलेच नव्हते, असे त्याने पत्रकारांना सांगितले. महाव्यवस्थापकाच्या मागे आयुक्त उभे राहतात, तासावर राबणाऱ्याच्या मागे कोणीही उभे राहत नाही, आणि मोघम कलमाचा भार नेहमी याच खालच्या माणसावर पडतो.

संयोजकांकडून वेळेची चिठ्ठी आली आहे आणि मुख्य मुद्दा अजून मांडायचा आहे, म्हणून यापुढे थोडक्यात बोलतो.

आमचे व्यासपीठ राजकारणापासून दूर ठेवण्याचा आम्हाला हक्क आहे, असे कंपन्या म्हणतात, आणि तो हक्क मी मान्य करतो. मात्र निषिद्ध काय आहे हे आधी नेमक्या शब्दांत लिहिलेले असावे, 'प्रतिमेला धक्का' यासारखी हवेतली भाषा नसावी, शिक्षेपूर्वी माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि कमावलेले बक्षीस किंवा वेतन शिक्षेच्या नावाखाली जप्त होऊ नये. शिवाय कारवाईचे कारण प्रत्येक भाषेत एकच दिले जावे. दुटप्पी निवेदन हा भागधारकांची आणि ग्राहकांची फसवणूक मानला जावा, असे माझे मत आहे.

थेट सरकारी दबावाची प्रकरणे निराळी आहेत, हेही सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये चीनच्या विमान वाहतूक प्राधिकरणाने आंदोलनात भाग घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना मुख्य भूमीच्या उड्डाणांवर पाठवू नये असे कॅथे पॅसिफिकला बजावले, आणि आठवड्याभरात तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले. तिथे एकट्या कंपनीचा टिकाव लागत नाही. मायदेशातल्या सरकारने आणि त्या क्षेत्रातल्या सर्व कंपन्यांनी एकत्र उभे राहावे लागते. २०१८ मध्ये तैवानचे नाव बदलण्याची सूचना चीनकडून डझनावारी विमान कंपन्यांना गेली, तेव्हा हे घडले नाही. तेव्हा सरकारी मालकीच्या आपल्या एअर इंडियानेही आपल्या संकेतस्थळावर तैवानऐवजी 'चायनीज तैपेई' लिहिले.

आता भारत ही बाजारपेठ असते तेव्हाचे सांगतो. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी ह्युंदाईच्या पाकिस्तानी भागीदाराशी जोडलेल्या खात्यावरून काश्मीरविषयीचा मजकूर प्रसिद्ध झाला, भारतात बहिष्काराची मोहीम उठली, कंपनीने खेद व्यक्त केला आणि दक्षिण कोरियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनीही आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना दूरध्वनी करून तीच भावना कळवली. तो मजकूर मला मुळीच मान्य नाही. तरीही मी मघाशी मांडलेल्या अटी तिथेही लागू व्हाव्यात, तिथल्या कोणा कर्मचाऱ्याला न ऐकता काढून टाकले जाऊ नये, असेच मी म्हणेन.

या सभागृहात हिंजवडी आणि खराडीतल्या परदेशी कंपन्यांत काम करणारे अनेकजण बसलेले आहेत. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या नेमणूकपत्रातले समाजमाध्यमांविषयीचे कलम काढून वाचावे, आणि त्याचा भंग झाला की नाही हे कोण ठरवणार, कोणत्या निकषावर ठरवणार आणि त्यावर दाद कोठे मागायची, हे मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे. एकेकट्याने विचारण्यापेक्षा दहा-पंधरा सहकाऱ्यांनी मिळून विचारले तर उत्तर येण्याची शक्यता अधिक आहे.