लेखनिकाचा डावा हात

श्रोतेहो, नमस्कार. कामामुळे मान, पाठ, मनगट का दुखतं, हा आजचा विषय. पण आधी गोष्ट एका लेखनिकाची.

बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे इटलीतले वैद्य. कामधंद्यांतून होणाऱ्या रोगांवर त्यांनी १७०० साली अख्खा ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांत त्यांनी एकाची भर घातली: तुम्ही काम काय करता? (आजही दवाखान्यात हा प्रश्न क्वचितच कानावर पडतो. गोळी मात्र लगेच मिळते. असो.) तर, त्यांच्या माहितीतला एक लेखनिक. दिवसरात्र लिहिणं चाललेलं. आधी उजवा हात थकायला लागला. औषधं झाली, गुण येईना, शेवटी हात पार लुळा पडला. पण गडी हटला नाही. डाव्या हाताने लिहायला शिकला! टाक-दौतीच्या काळात, डाव्या हाताने! आणि झालं काय? थोड्याच काळात डावाही त्याच वाटेने गेला.

हात बदलला, श्रोतेहो, काम तेच राहिलं. रामाझ्झिनींनी लेखनिकांच्या दुखण्याची कारणं तीन सांगितली: सतत बसणं, हाताची एकाच दिशेची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. टाक गेला, कीबोर्ड आला. कारणं तीच.

स्नायू सतत ताणलेला राहिला की त्याला रक्त कमी पोचतं. मणक्यांमधल्या चकत्यांचं पोषणही हालचालीवर अवलंबून असतं. म्हणून अर्ध्या तासाने उठा. पुन्हा सांगतो, अर्ध्या तासाने उठा. भारी खुर्ची घेऊन तिच्यात तासन्‌तास रुतून बसणाऱ्यांचं मला नवल वाटतं. खुर्ची तुमच्याऐवजी हलणार नाही.

पडदा हातभर लांब, त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. कोपर साधारण काटकोनात, मनगट सरळ. लॅपटॉपवर हे एकत्र जमतच नाही: पडदा वर घेतला तर हात उचलावे लागतात, खाली ठेवला तर मान वाकते. वेगळा कीबोर्ड जोडा. ओझं उचलणाऱ्यांनी ते अंगाशी धरावं. हात लांब केले की तेच वजन कमरेला कितीतरी जड पडतं.

आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होत असेल, तर मलम चोळत बसू नका, डॉक्टरांकडे जा. मनगटात नस दबत असू शकते, आणि ती फार काळ दबली तर अंगठ्याच्या मुळाचा स्नायू झिजतो.