पाहुण्या विद्यार्थ्यांचं पुणं

श्रोतेहो, नमस्कार.

नेपाळ, अफगाणिस्तान, येमेन, सुदान अशा कितीतरी देशांतली मुलं आपल्याकडे शिकायला येतात. २०२१-२२च्या सरकारी सर्वेक्षणात भारतात १७० देशांतले सुमारे ४७ हजार परदेशी विद्यार्थी नोंदले गेले. पुणं तर त्यांच्या फार पूर्वीपासून ओळखीचं.

फी, अभ्यासक्रम, वसतिगृह यांची चौकशी ही मुलं घरूनच करून येतात. पण इथं ताप आला तर मऊ भात कोण करून देणार, हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना शां. ब. मुजुमदारांना एक मुलगी खिडकीतून एका मुलाला डबा देताना दिसली. चौकशी केली, तेव्हा कळलं की मुलगा मॉरिशसचा आहे, त्याला कावीळ झाली आहे आणि इथं त्याचं कुणी नाही. त्या अस्वस्थतेतून १९७१मध्ये ‘सिम्बायोसिस’ उभी राहिली. एवढी मोठी संस्था एका आजारी मुलाच्या डब्यापासून सुरू व्हावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

स्थलांतरितांच्या मनाचा अभ्यास करणारे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी सांगतात की, आपली भाषा, श्रद्धा, रीतिरिवाज जपत जो नव्या समाजातही मिसळतो, तो सहसा जास्त समाधानी असतो. मात्र ते एकट्याच्या इच्छेनं होत नाही; त्या समाजानंही त्याला सामावून घ्यायला हवं. आपल्याला लागू पडतं ते नेमकं हेच.

कारण ही मुलं खोली शोधायला निघाली की अनेक दारांतून परत फिरतात. परदेशी भाडेकरूची माहिती सरकारला कळवावी लागते, ते काम थोडं कटकटीचं आहे खरं. पण नकार बहुधा त्यासाठी नसतो. तो रंगासाठी, धर्मासाठी, ताटातल्या मटणासाठी असतो, आणि मुलांना ते लगेच कळतं. इथल्या माणसांवर माया जडायची कशी मग? ऑगस्ट २०२१मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं. इथल्या अफगाण मुलांना घरच्यांची काळजी, पैशांची चिंता, व्हिसाचं काय होणार ही धास्ती. अशा वेळी घरमालकानं ‘भाड्याचं नंतर बघू’ म्हणणं आणि न म्हणणं, यात केवढा फरक पडतो!

दिवाळीत वसतिगृहं रिकामी होतात, मेसला कुलूप लागतं. ही मुलं मात्र तिथंच असतात. तुमच्या इमारतीत, गल्लीत असं कुणी राहत असेल, तर यंदा त्याला फराळाला बोलवा. त्याच्या घरी सणाला काय शिजतं, तेही विचारा.

नमस्कार.