लायसन्सचा पैसा, जाहिरातींचा पैसा

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्यातल्या काहींना आठवत असेल, एकेकाळी घरात रेडिओ आणला की पोस्टात जाऊन त्याचं लायसन्स काढावं लागे. आपल्याकडची ती पद्धत कधीच बंद झाली. ब्रिटनमध्ये टीव्हीचं लायसन्स मात्र अजून आहे. 1946 साली ते वर्षाला दोन पौंड होतं, एप्रिल 2025मध्ये 174.50 पौंड झालं. बीबीसी मुख्यतः याच पैशावर चालते, म्हणून तिथल्या तिच्या वाहिन्यांवर जाहिराती नसतात.

जाहिराती आल्या 22 सप्टेंबर 1955ला, आयटीव्ही या खासगी कंपन्यांच्या वाहिनीबरोबर. पहिली जाहिरात टूथपेस्टची होती. बीबीसीनं त्याच संध्याकाळी आपल्या रेडिओ मालिकेतली एक लाडकी व्यक्तिरेखा आगीत मरताना दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी लोक टूथपेस्टपेक्षा तिच्याबद्दलच बोलत होते. रेडिओवर बोलताना हे सांगायला मला फार आवडतं.

पण मला खरं अप्रूप आहे ते 1982मध्ये सुरू झालेल्या चॅनल फोरचं. मालकी जनतेची, कमाई जाहिरातींची, आणि नफा वाटून घ्यायला भागधारक कुणी नाही. शिवाय कार्यक्रम स्वतः करायचे नाहीत, बाहेरच्या निर्मात्यांकडून करून घ्यायचे. सुरुवातीला तिच्या जाहिराती आयटीव्हीच्या कंपन्याच विकत आणि खर्चाचे पैसे तिला देत. जाहिरातदाराची मर्जी राखायची चिंता नव्हती, म्हणून जे विषय इतरांना परवडत नसत ते तिथं दिसू लागले. 1993पासून ती स्वतःच्या जाहिराती स्वतः विकते.

या व्यवस्थेतून शेकडो छोट्या निर्मितीसंस्था उभ्या राहिल्या. 2003च्या कायद्यानंतर तर कार्यक्रमाचे हक्क निर्मात्याकडेच राहू लागले. वाहिनीनं ठरलेल्या मुदतीत तो दाखवायचा, बाहेरदेशी विकायचा अधिकार ज्यानं घडवला त्याचा. आपल्या मराठी मालिकांचे हक्क बहुधा वाहिनीकडेच जातात. लिहिणारे, घडवणारे मानधन घेऊन मोकळे होतात. ही तुलना मला अस्वस्थ करते.

2022मध्ये तिथल्या सरकारनं चॅनल फोर विकायला काढलं होतं. निर्मात्यांनी कडाडून विरोध केला आणि जानेवारी 2023मध्ये तो बेत सोडून देण्यात आला. ते वाचून मला मनापासून आनंद झाला. 2024च्या कायद्यानं मात्र चॅनल फोरला स्वतः कार्यक्रम करायची मुभा दिली आहे, आणि छोट्या निर्मात्यांना आता आपल्या कामाची काळजी लागली आहे.

नमस्कार.