चौथा दात

(लघु माहितीपट : निवेदन)

[पडदाभर कोरं पान. त्यावर हलणारे रंगीत बाण.]

पान कोरं आहे. डाव्या कोपऱ्यात हिरवा बाण थबकलाय. केशरी नुसताच भिरभिरतोय. जांभळा पानाबाहेर जातो, परत येतो. एकेक बाण म्हणजे बडोद्यातलं एकेक मूल. हिरवी दांडिया बाजारात, केशरी अकोट्यात, जांभळा मांजलपुरात. निळा आज मामाकडे नवसारीला गेलाय आणि तिथे रेंज नाही.

चार घरं, पान एकच, अ‍ॅपमधलं. त्यावर चौघं मिळून कॉमिक करतायत. कुणी रेघ मारली की बाकीच्यांना ती त्याच क्षणी दिसते. मुलं एकमेकांना रंगांनीच हाका मारायला लागली, म्हणून आम्हीही तेच करतोय. "ए जांभळ्या, माझ्या चौकटीतून निघ."

[विश्वामित्रीवरचा पूल. सकाळ.]

ही विश्वामित्री. पावागडावरून येते आणि बडोद्याच्या मधोमध वाहते. तिच्यात मगरी राहतात. प्राणिसंग्रहालयातल्या नाहीत, नदीतल्या, भर शहरात. २०२४च्या ऑगस्टमध्ये पाणी चढलं, काळा घोडा पुलाशी ३५ फुटांच्या वर गेलं. अकोट्यात एक मगर घराच्या छपरावर जाऊन बसली आणि तिचा फोटो देशभर फिरला. केशरीनंही ती फोटोतच पाहिली, पण सांगताना तो 'आमची मगर' म्हणतो.

कॉमिक कशावर करायचं, असं विचारलं तेव्हा आमच्या मनात सयाजीराव महाराज होते. बडोद्यात मोठ्या माणसांच्या मनात तेच असतात. मुलांनी मगर सांगितली. चौघांनी, एकदम.

[तांबेकर वाडा. भिंतींवरून सरकणारा कॅमेरा.]

पेन्सिल हातात घेण्याआधी एकेकाला इथे आणलं. हा भाऊ तांबेकरांचा वाडा. १८४९ ते १८५४ ते बडोद्याचे दिवाण होते. भिंतींवरची चित्रं एकोणिसाव्या शतकातली. इथे कृष्ण आहे, गणपती आहे, मराठे आणि इंग्रजांची लढाई आहे. दार आलं की चित्र थांबतं आणि दारापलीकडे दुसरं सुरू होतं.

हिरवी विचारते, "मधे दारात काय झालं असेल?"

कॉमिकमधल्या दोन चौकटींच्या मधली पांढरी पट्टी कशासाठी असते, हे समजावायला आम्ही एक अख्खा तास राखून ठेवला होता. तो वाचला.

[पुन्हा पडद्यावरचं पान. चार चौकटी, चार जिने.]

पहिलं पान असं ठरलं : एकच जिना, चार चौकटी, पाणी एकेक पायरी चढतंय. प्रत्येकानं एक चौकट घ्यायची. रविवारी संध्याकाळी चारही चौकटी आल्या. हिरवीच्या जिन्याला सात पायऱ्या, केशरीच्या नऊ. जांभळ्यानं गोल जिना काढला, कारण त्याच्या घरी गोल आहे. निळ्यानं वहीच्या कागदावर काढून फोटो पाठवला, त्यात जिन्यापेक्षा त्याच्या अंगठ्याची सावली मोठी.

पाणी चढतंय हे दाखवायचं तर जिना हलता कामा नये. मग जिना एकीनंच काढला, हिरवीनं, आणि तोच चारही चौकटींत चिकटवला. पान म्हणजे खरं तर एकावर एक ठेवलेले ट्रेसिंग पेपर : तळाशी पेन्सिल, त्यावर शाई, मग रंग, सगळ्यात वर अक्षरं. जिन्याच्या थराला कुलूप लावलं आणि पाण्याचा थर उघडा ठेवला. आता पाणी कुणीही चढवावं.

गोष्टीतल्या आजीचं तसंच. एका चौकटीत ती नऊवारीत, दुसऱ्यात गाऊनमध्ये, तिसऱ्यात तिचा चष्माच गायब. म्हणून आजीचं वेगळं पान केलं : समोरून, बाजूनं, पाठमोरी. अंबाडा एवढाच, चष्म्याची दोरी अशीच. रंग कुणीही भरा, अंबाड्याला हात लावायचा नाही.

[रंगांची पट्टी जवळून.]

पाण्याचा रंग ठरवायला दोन बैठका गेल्या. निळा कुणीच म्हणालं नाही, अगदी निळाही नाही. पूर ज्यांच्या अंगणात येऊन गेलाय ती मुलं पाणी निळं रंगवत नाहीत. ऐका.

"चहासारखं."

"एवढा कडक नाही. दूध घाल."

"अजून घाल. बस्स, बस्स!"

हाच तो रंग. पट्टीवर त्याचं नाव 'दूध जास्त' आहे.

[हाताने लिहिलेली अक्षरं. वही, शाईचं पेन.]

इथे आम्हाला जरा थांबायचं आहे.

फुगे आधी काढले आणि शब्द नंतर आले, हे पहिलं चुकलं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा लागतात, खाली उकार लागतात. दोन ओळींत जागा सोडली नाही तर वरचा 'कु' खालच्या 'कै'च्या डोक्यात जातो. त्यातून टाइप केलं की अ‍ॅप जोडाक्षरं फोडायचं. 'विश्वामित्री' पानावर आली ती तुकड्या-तुकड्यांत, वेलांटी एकीकडे, श एकीकडे. मग ठरलं, हातानं लिहायचं, कागदावर, आणि फोटो काढून वरच्या थरात ठेवायचं.

केशरीची अक्षरं बघा. काही खटकतंय? शिरोरेषा नाही. तो गुजराती माध्यमात शिकतो आणि गुजराती लिपीला शिरोरेषा नसते. मराठी लिहितानाही त्याचा हात वरची रेघ ओढायची विसरतो. दुरुस्त करायला हिरवी पेन घेऊन बसलीच होती. तेवढ्यात जांभळा म्हणाला, राहू दे, हे शेजारच्या पटेलकाकांना देऊ. काका गोष्टीत मराठी बोलतात, पण गुजराती वळणाचं. तेव्हापासून काकांचे सगळे फुगे केशरी लिहितो, बिनरेघेचे. वाचणाऱ्याला बोलणं आधी ऐकू येतं, मग कळतं. हे आम्ही सुचवलेलं नाही, आणि आम्हाला सुचलंही नसतं.

[पानावर लाल बाण. शेजारी टीप.]

लाल बाण पुण्याच्या ताईचा. ती व्यवसायानं चित्रकार, दर शनिवारी पानावर येते. तिची टीप वाचा : 'अगाशी? गच्ची करू या का?' खाली हिरवीचं उत्तर : 'ताई, पुरात सगळे अगाशीवर गेले होते. गच्चीवर कोणी नव्हतं.'

अगाशी राहिली.

पुढच्या पानावर हिरवीनंच केशरीच्या मगरीजवळ लिहिलंय, 'दात खोटा आहे.' त्यावर लाल बाणाचा प्रश्न : 'मगरीला कवळी?' ताई, बडोद्यात 'खोटं' म्हणजे चुकीचं. गुजरातीतून आलंय, आमच्या घरांत रुळलंय, आणि कॉमिकच्या फुग्यात त्याला जागा नसेल तर दुसरीकडे कुठे असणार?

पण दात खरंच खोटा होता. मगरीनं तोंड मिटलं तरी खालच्या जबड्याचा चौथा दात बाहेर दिसतो. केशरीनं तोंड मिटवलं आणि सगळे दात आत घेतले. मग चौघांनी फोटो शोधले, दात मोजले, फोन आडवे-उभे केले. एक दात काढायला चाळीस मिनिटं. आमच्याकडे ती चाळीसही मिनिटं रेकॉर्ड झालीत. इथे दोनच दाखवतोय.

[पानाचा इतिहास : जुन्या आवृत्त्या मागे सरकतात.]

जांभळ्यानं एका रात्री पाण्याचा थर पुसला. चुकून की रागानं, यावर दोन मतं आहेत. तेव्हा कॅमेरा नव्हता, फक्त पानाचा हा इतिहास आहे : ११ वाजून ४ मिनिटांनी पाणी आहे, ११ वाजून ५ मिनिटांनी नाही. सकाळी हिरवीनं जुनी आवृत्ती परत आणली. नंतरचे दोन दिवस जांभळा बाण पानावर दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी तो येतो. कुणी काही लिहीत नाही. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाण्याचा एक शिंतोडा काढतो.

[छापलेल्या प्रती. हातातून हातात.]

कॉमिक आठ पानांचं झालं, छापलं, शाळांत वाटलं. दोन पालकांना भाषा अशुद्ध वाटली. निळ्याच्या परीक्षा होत्या म्हणून शेवटच्या पानावर त्याचं नाव नव्हतं, ते नंतर घातलं.

[पूल. थंडीतली दुपार. चौघं कठड्याशी.]

चौघं एका जागी पहिल्यांदाच. हिरवी सगळ्यात बुटकी निघाली, आणि केशरीचा आवाज फोनवरच्यापेक्षा बारीक.

खाली चिखलावर मगर ऊन खात पडली आहे. तोंड मिटलेलं. केशरी फोन काढतो, बोटांनी चित्र मोठं करतो, अजून मोठं करतो. आता पडद्यावर नुसते राखाडी ठिपके.

"दिसला?"

"थांब ना."

[नदीचा आवाज. वाहतूक. निवेदन नाही.]

"तिसरा... नाही. हा बघ, हा."