वाफ्यावर काय पसरायचं?

[दृश्य: भेगाळलेला वाफा, अगदी जवळून. पार्श्वभूमीला दुपारची शांतता.]

एप्रिलचा तिसरा आठवडा, दुपारचे दोन. कृष्णाकाठची काळी जमीन. उघड्या वाफ्याला अशा भेगा पडल्यात की करंगळी सहज आत जाते. वांग्याची पानं मलूल होऊन लोंबलीत. सकाळीच पाणी दिलंय, तरीही. शेजारच्या वाफ्यावर उसाचं पाचट, म्हणजे वाळलेली पानं, अंथरलंय. पाणी त्यालाही तेवढंच मिळालं, पण तिथली वांगी ताठ आहेत.

[दृश्य: पाचट बाजूला करणारा हात.]

पाचट उचलून बघू. वरचा थर कडकडीत, बोटांत चुरणारा. त्याखाली तपकिरी, मऊ, जरासा दमट. तळाची पानं काळपट पडून मातीला चिकटलीत आणि त्यांच्यामधून पांढऱ्या बुरशीचे बारीक धागे गेलेत. माती मुठीत दाबली की गोळा होतो. भेग एकही नाही. काळ्या जमिनीत हे फार महत्त्वाचं, कारण भेगांमधून नुसती ओल जात नाही, माती ओढली जाते तशी बारीक मुळंही तुटतात.

ऊन आणि माती यांच्यामध्ये काहीतरी असणं, एवढंच आच्छादनाचं काम. मग काय, मिळेल ते पसरा? इथेच गफलत होते. ज्याने वैशाखात वाफा वाचवला, तेच आषाढात मुळं कुजवू शकतं. म्हणून आधी जमीन बघायची, मग महिना, आणि शेवटी आपल्या आसपास फुकट काय मिळतंय ते.

[दृश्य: तोडणी झालेलं उसाचं रान. लांबवर धूर.]

पश्चिम महाराष्ट्रात याचं उत्तर पायाखाली पडलेलं असतं. ऊस तुटला की हेक्टरी 8 ते 10 टन पाचट रानात राहतं. त्यातलं बरंच आजही काडी लावून पेटवलं जातं. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारा खोडवा झटकन हिरवा दिसावा, सरीतलं पाणी अडू नये, ही कारणं शेतकरी सांगतात आणि ती अगदीच खोटी नाहीत. परसबागेला मात्र दोन-चार भारे पुरतात. पाचटाच्या कडा हात कापतात, तेव्हा बाह्या खाली घ्या, विळ्याने वीतभर तुकडे करा आणि उन्हाळ्यात चार बोटं जाडीचा थर द्या. झाडाच्या बुंध्याभोवती मात्र तेवढीच जागा मोकळी सोडा. ओलं पाचट खोडाला टेकून राहिलं की साल कुजते.

पाचटावर एक आरोप नेहमी होतो: त्याने झाडं पिवळी पडतात. हा हिशेब समजून घेऊ. पाचटात एक भाग नत्रामागे (नायट्रोजन) साधारण 100 भाग कर्ब (कार्बन) असतो. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना 25–30 भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतो. तूट आली की ते मातीतलं नत्र उचलतात. पाचट वर पसरलेलं असेल तर ही उचल मातीच्या वरच्या पापुद्र्यापुरती राहते. तेच कुदळीने मातीत मिसळलं, की थेट मुळांच्या तोंडचा घास जातो. म्हणजे दोष पाचटाचा कमी आणि कुदळीचा जास्त. लाकडाच्या भुशात तर कर्बाचं प्रमाण याच्या कितीतरी पट. तो भाजीच्या वाफ्यात मिसळूच नये. प्लायवूड कापल्याचा भुसा तर कुठेच नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात.

बांधावर गिरिपुष्पाचं झाड असेल तर काम सोपं होतं. त्याचा कोवळा पाला खाली, पाचट वर. पाला लवकर कुजतो आणि नत्राची तूट भरून काढतो. नुसता गिरिपुष्पाचा पाला मात्र टिकत नाही, बघता बघता दिसेनासा होतो.

[दृश्य: शहरातलं रसवंतीगृह. चरकातून बाहेर पडणारं चिपाड.]

शहरात पाचट कुठलं? पण उन्हाळाभर रसवंतीगृहं चालू असतात आणि चिपाडाचं काय करायचं हा त्यांचा रोजचा प्रश्न असतो. मागितलं तर पोतंभर मिळतं. ते आणून थेट कुंडीत टाकू नका. त्यात साखर उरलेली असते. आंबूस वास सुटतो, मुंग्या-माश्या जमतात. गच्चीवर चांगलं वाळवा आणि मग पसरा.

दुसरा माल सोसायटीच्या आवारातच पडतो. झाडलोटीत गोळा झालेला पालापाचोळा पेटवायला घनकचरा नियमांनुसार बंदी आहे, आणि तरी माघ-फाल्गुनात सकाळी धुराचा वास येतोच. सगळी पानं मात्र सारखी नसतात. वर्षावृक्षाची बारीक पानं छान बसतात. सागाचं पान नुसतं टाकलं तर पाणी वरच्या वर वाहून जातं, म्हणून ते चुरून घ्यावं. हिरवळ कापल्यावरचं ओलं गवत जाड थराने टाकलं तर त्याचा चिकट थर बसतो आणि नाक धरायची वेळ येते. ते आधी सुकवा. विदर्भात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, सहज मिळतं. हलकं असल्याने वाऱ्यावर उडतं, पण पाणी शिंपडलं की बसतं.

[दृश्य: कोकणातली वाडी. माडाच्या आळ्यात पालथी मांडलेली सोडणं.]

घाट उतरला की माती बदलते, नियमही बदलतो. जांभ्याची तांबडी माती पाणी धरत नाही, आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस उघड्या मातीवर आदळतो. इथे आंबा-फणसाचा पातेरा, म्हणजे गळलेला पाला, पावसाळ्यातही जमिनीवर असलेला बरा. थेंबाचा मार तो आपल्या अंगावर घेतो, उतारावरची माती जागेवर राहते. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, मांडायची, तीही पालथी. उताणी ठेवली तर प्रत्येक सोडणात पावसाचं पाणी साचून डासांची पैदास होते. चर खणून पुरायची असतील तर उलट, पोकळ बाजू वर, म्हणजे ओल धरून राहते.

[दृश्य: पाऊस. काळ्या मातीतला चिखल. पानावर सरकणारी शंखी गोगलगाय.]

आता पुन्हा देशावर, जूनमध्ये. काळी माती आधीच पाणी सोडायला तयार नसते. तिच्यावर जाड थर तसाच ठेवला तर वाफसा येत नाही, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून माती मोकळी होत नाही, आणि मुळांना हवा मिळत नाही. त्यात गोगलगायी. 2022च्या पावसाळ्यात लातूर-बीड भागात शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं, शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली. दिवसा ओलसर आडोशाला बसायचं आणि रात्री चरायचं, हा त्यांचा क्रम. आपलं आच्छादन म्हणजे त्यांना तयार आडोसा. म्हणून मोठा पाऊस सुरू झाला की थर ओढून काढा आणि खताच्या खड्ड्यात टाका, विरळसा राहिला तरी चालेल. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याशेजारी टाकलं तर सकाळी त्याखाली गोगलगायी सापडतात. हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका.

[दृश्य: महाबळेश्वर-पाचगणीचे स्ट्रॉबेरीचे गादीवाफे.]

प्लास्टिकबद्दल न बोलून चालणार नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर ते शोभतं, कारण तिथे फळ मातीला टेकलं की सडतं. टोमॅटो, मिरची, कलिंगडाला 25–30 मायक्रॉनचा, वर चंदेरी आणि खाली काळा कागद वापरतात. चंदेरी बाजूने परावर्तित झालेल्या उजेडामुळे मावा, फुलकिडे कमी येतात. काळ्या बाजूमुळे तण उगवत नाही. अपवाद लव्हाळ्याचा. त्याचं टोक प्लास्टिक भोसकून वर येतं, त्याच्यापुढे पाचटाची काय कथा! या कागदाखाली ठिबक लागतंच. आणि हंगाम संपल्यावर फाटका कागद मातीतून वेचून काढायचा म्हणजे कंबर मोडते. जे तुकडे राहतात ते कुजत नाहीत. चार वाफ्यांच्या बागेत हा उद्योग कशाला, असं आमचं मत आहे. पांढऱ्या शोभेच्या खड्यांबद्दलही तेच: फोटोत छान, मातीला देत काहीच नाहीत.

आणि गाजरगवत. फुलावर येण्याआधी उपटलेलं असेल तरच पसरा. एका झाडाला हजारो बिया धरतात. फुललेलं वापरलंत तर पुढच्या वर्षी वाफाभर तेच.

[दृश्य: दसऱ्यानंतरचं कोवळं ऊन. मेथी पेरणारे हात.]

पाऊस उघडून वाफसा आला की पुन्हा आच्छादनाचे दिवस. वांगी-टोमॅटोची रोपं लावून आठवडाभराने, रोप सावरलं की पसरायला घ्या. मेथी-कोथिंबिरीचं मात्र वेगळं. बी टाकल्यावर पेंढ्याचा अगदी विरळ थर द्यायचा, त्यावरूनच झारीने पाणी घालायचं. रोज सकाळी एक कोपरा उचलून बघा. पिवळसर कोंब दिसले की त्याच दिवशी पेंढा काढा, पण ऊन उतरल्यावर. दुपारी काढलात तर ते कोवळे कोंब संध्याकाळपर्यंत करपलेले असतील.