परड्यातलं पातेलं

(सकाळचे सात. मांडवाखालून ऊन येतंय, मागं बंबाचा धूर.)

हा दुधी बघा, जरा जवळून बघा, आज याचंच सूप करायचंय. अंगावर बारीक पांढरी लव दिसतेय ना, ती आहे तोवर दुधी कोवळा. आता काकू देठाजवळ नख लावून बघेल. नख अलगद आत गेलं की तोडायचा, अडलं की समजायचं साल निबर झाली, आत बी धरलंय. हा कोवळा निघाला. तुटल्या देठातून पाणी ठिबकतंय, दिसतंय काय?

आपण आहोत येळ्ळूरच्या बाजूला, बेळगावच्या दक्षिणेला. मागं तो राजहंसगड, पावसाळ्यात निम्मा दिवस ढगातच असतो. आजूबाजूला सगळी भाताची शिवारं, बेळगाव बासमती म्हणतात तो याच येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूर पट्ट्यातला. आता नोव्हेंबर, सुगी चाललीय, पहाटे चांगलीच थंडी असते कारण हे सगळं साधारण अडीच हजार फुटांवर आहे. आणि घराच्या मागं काकूचं हे परडं. परसबाग हा शब्द पुस्तकातला, आमच्याकडं परडंच म्हणतात. जागा जेमतेम दीड गुंठा. त्यात दुधी आणि दोडक्याचा मांडव, कुंपणाला शेवगा, खाली काशीभोपळ्याचा वेल सुटलाय तिकडं विहिरीपर्यंत, पालक-मेथीचे चार वाफे, टोमॅटो, गाजर, आणि न्हाणीचं पाणी जातं त्या चरात अळू आणि केळ. पालेभाजीला मात्र न्हाणीचं साबणाचं पाणी काकू चुकूनही सोडत नाही, तिथं कळशीनंच पाणी.

या परड्यातून चुलीपर्यंत पावलं किती, मी मोजली, बावीस. आजचा सगळा विषय या बावीस पावलांचाच आहे म्हणा ना. आमच्या भागातली भाजी रोज गोव्याला जाते, चोर्ल्याच्या घाटातून गाड्या उतरतात, ती भाजी वाईट असते असं मी अजिबात म्हणणार नाही, ती पिकवणारी माणसं आमचीच आहेत. पण भाजी तोडली तरी ती जिवंतच असते, श्वास घेते, पाणी सोडते, मक्याचं कणीस तोडलं की त्यातली साखर लगेच पिठूळ व्हायला लागते, हिरव्या वाटाण्याचंही तेच. मसाल्याच्या भाजीत हे झाकून जातं, कोल्हापुरी रश्श्यात काय कळणार आहे? सूपात कळतं. सूपात भाजी, पाणी आणि मीठ, लपायला जागाच नाही.

(विळीवर दुधी. काकू एक चकती कापून तोंडात टाकते.)

हे आत्ता काकूनं केलं ते नीट बघा, कारण हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. दुधीची एक चकती कापायची, कच्चीच जिभेवर ठेवायची. "आदी चाखून बग, मग चिर," हे मी लहानपणापासून ऐकतोय. दुधी, दोडका, काकडी, भोपळा या सगळ्या वेलांत कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य तयार होऊ शकतं, एरवी अगदी थोडं असतं, पण कधी एखादंच फळ कडूजहर निघतं. ते पोटात गेलं तर उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, ब्लडप्रेशर एकदम खाली, माणसं दगावलीयत त्यानं. शिजवून ते जात नाही, साखर-मीठ घालूनही जात नाही. कडू लागला की थुंकायचं, चूळ भरायची आणि दुधी उकिरड्यात. घरचाच आहे, एवढा वाढवलाय, असला विचार तिथं करायचा नाही.

हा गोड निघाला. तर आता पातेलं.

अर्धा किलो दुधी, एक मध्यम कांदा, चार पाकळ्या लसूण, सुपारीएवढं घरचं लोणी. लोणी विरघळलं की कांदा, आणि मंद आच. इथं माझ्यासारखी माणसं चुकतात, गॅस मोठा करतात, कांदा तांबूस होतो आणि मग सूपाला भाजीच्या रश्श्याचा वास येतो. कांदा नुसता मऊ आणि काचेसारखा व्हायला पाहिजे, आठ-दहा मिनिटं लागतात. मी पळी घेऊन उगाच ढवळत होतो तर काकू म्हणाली, "गडबड कशाला करालास, कांदा आपणच सांगतो की." खरंच सांगतो, आधी चरचर असते, मग आवाज बसतो, आणि कच्चा उग्र वास जाऊन गोडसर वास सुटतो. तेव्हा लसूण, मग दुधी, मग ही मूठभर कणी.

कणी ही आमच्या भागाची खास गोष्ट. गिरणीत भात भरडला की बासमतीची कणी वेगळी निघते, बाजारात तिला किंमत कमी, पण सूपाला दाटपणा आणायला याच्यासारखं काही नाही. कॉर्नफ्लॉवरनं चकचकीत गिळगिळीत होतं तसं होत नाही, कणी शिजून मोडते आणि सगळं एकजीव करते, वर तो बासमतीचा वास. कणी नसेल तर मूगडाळ घाला, एखादा बटाटा घाला, तेही छान. वरून चार वाट्या उकळतं पाणी, गार पाणी नको, शिजणं मधेच थांबतं.

आणि हे पाणी साधं नाहीये. सकाळपासून बाजूच्या चुलीवर जे पातेलं दिसतंय त्यात कोथिंबिरीच्या काड्या, गाजराची टोकं, दुधीची धुतलेली साल, कांद्याची पात, मक्याचं सोललेलं बुरकुंड, चार मिरी, असं सगळं पाऊण तास मंद उकळून गाळलंय. शहरात याला व्हेजिटेबल स्टॉक म्हणतात हे मी काकूला सांगितलं. तिचं उत्तर जसंच्या तसं ऐका, "येळवणीच की ही, त्यात नवीन ते काय? मी तर लगीन झाल्यापासून करतो." (आमच्याकडं बायका बोलताना 'करतो, जातो'च म्हणतात, बाहेरच्यांना गंमत वाटते.)

पुरणाची डाळ शिजली की जे पाणी येळून काढतात ती येळवणी, त्याचीच कटाची आमटी. म्हणजे शिजवलेल्या पाण्यात चव असते, ते ओतून द्यायचं नसतं, हे आमच्या स्वयंपाकघराला आधीपासून माहीत होतं. भाताची पेज घ्या, मुगाचं कढण घ्या, टोमॅटोचं सार, हुलग्याचं माडगं, सगळी सूपंच. भाजीतली काही जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात, सी व्हिटॅमिन तर उतरतंच आणि उष्णतेनं थोडं जातंही, पण जे पाण्यात उतरलं ते सूपात आपण पितो, भाजी उकडून पाणी फेकलं की ते मोरीत जातं.

येळवणीच्या पातेल्यात काय घालायचं नाही तेही सांगतो. कोबी, फ्लॉवर, मुळा नको, फार वेळ उकळले की गंधकाचा उग्र वास सुटतो. बीट नको, सगळं लाल. हिरवट डाग पडलेल्या बटाट्याची साल तर अजिबात नको, ती विषारी असते.

(काकू रवी हातात घेते.)

दुधी शिजला, आता घोटायचा. ताक घुसळायची ही लाकडी रवी, दोन तळहातांमध्ये फिरते. मिक्सरसारखं एकदम गुळगुळीत होत नाही, मधे मधे दुधीचा मऊ तुकडा राहतो आणि मला तेच आवडतं. मिक्सर वापरायचा तर वापरा, फक्त सूप कोमट होऊ दे, भांडं निम्मंच भरा आणि झाकणातली वाफ जाईल असं बघा. मी एकदा उकळतं बिटाचं सूप काठोकाठ भरून बटण दाबलं, वाफेनं झाकण उडालं, या मनगटावरचा डाग त्याचाच. बाळाला अंगाशी धरून कुणी हे करू नका, एवढं मनापासून सांगणं आहे.

हे सूप मी शिकलो त्याला कारण आहे. तीन वर्षांमागं बाबांचं पोटाचं ऑपरेशन झालं. पातळच द्या असं डॉक्टर म्हणाले, आणि दवाखान्यात दोन्ही वेळेला सूप म्हणून जे यायचं ते पांढरट, पिठाळ, नुसती मिऱ्याची पूड वर. बाबा भिंतीकडं तोंड करून झोपायचे. बोलायचेही नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटायची. चौथ्या दिवशी डॉक्टरांना विचारून काकू एसटीनं थर्मास घेऊन आली, हेच दुधीचं सूप, गाळलेलं. बाबांनी एक घोट घेतला, थांबले, आणि विचारलं, "मांडवावरचा काय?" ऑपरेशननंतर ते स्वतःहून पहिल्यांदा बोलले ते हेच. पुढचे पंधरा दिवस मी रोज पहाटे परड्यात यायचो.

आता बाकीची सूपं. टोमॅटोचं थोडक्यात. झाडावर पुरता लाल झालेलाच घ्यायचा, आणि फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, साधारण 12 अंशांच्या खाली त्याचा वास मरतो आणि बाहेर काढला तरी पुरता परत येत नाही. अर्ध्या किलोला एक गाजर घाला, आंबटपणा मऊ होतो, साखर लागत नाही. थोडं लोणी किंवा तेल हवंच, कारण टोमॅटोचा लाल रंग ज्या लायकोपीनचा, ते शिजवल्यावर आणि स्निग्धाबरोबर अंगी जास्त लागतं. पालकाला उलट, झाकण ठेवायचं नाही आणि तीन मिनिटांच्या वर उकळायचं नाही, नाहीतर हिरवं जाऊन शेवाळी रंग येतो. काशीभोपळ्याला आलं, बस्स. शेवग्याच्या शेंगा उकडून चमच्यानं गर खरवडून घ्यायचा, कंटाळवाणं काम आहे पण ते सूप सगळ्यांत गुणी, माझं मत.

आणि एक मजेची गोष्ट. बेळगावात कॅम्प आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथंच. साहेबांच्या काळात हिंदुस्थानातल्या गोऱ्यांच्या मेसमध्ये मुलिगाटॉनी नावाचं सूप फार चालायचं. तो शब्द तमिळ, मिळगु म्हणजे मिरी आणि तण्णीर म्हणजे पाणी, मिरीचं पाणी. म्हणजे साहेबानं जे सूप म्हणून चमच्यानं खाल्लं ते मुळात आपल्या दक्षिणेतलं सारच.

(पडवी. चार वाट्या. बाहेर मळणीचा आवाज.)

मीठ शेवटी घातलं, कारण उकळून आटतं तसं खारट होत जातं. वरून लोण्याचा गोळा, मिरी खलबत्त्यात आत्ता कुटलेली. बाबा त्यांच्या खुर्चीत बसलेत, वाटी दोन्ही हातांत धरून, चमचा कधीच घेत नाहीत. काकू अजून बसली नाही. ती परत मांडवाखाली गेलीय, वेल आता उतरणीला लागलाय, पानं पिवळी पडलीयत. तिकडं कोपऱ्यात एका दुधीच्या देठाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधलेली दिसतेय बघा. तो बियाला सोडलाय. त्याच्या वेलावरचं एकही फळ यंदा कडू निघालं नाही, म्हणून तोच. चिंधी सैल झाली होती, काकू ती सोडून परत बांधतेय, कुणी चुकून तोडू नये म्हणून.